ज्येष्ठेचा डावा डोळा

माणसानं पहिल्याच भेटीत फजिती करून घ्यावी, पण किती? शिवम गावंडे भर पावसात अमरावतीच्या बुधवाऱ्यातल्या त्या खोलीत शिरला, दारातच थबकला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार ताई. पंजाबरावांनी पाठवलं मले इकडं. आमच्या महालक्ष्म्या न्यायच्या होत्या."

समोरच्या बाईनं उत्तर दिलं नाही.

"अकोल्याहून आलो मी," तो जरा मोठ्यानं म्हणाला. "माणिकबाई गावंडेंचा मुलगा. मातीचे मुखवटे होते… जुने."

समोरची बाई हिरवी साडी नेसून, नाकात नथ घालून त्याच्याकडे टक लावून पाहत होती. बोलायचं नाव नाही! आणि मग त्याच्या पाठीमागून, दाराच्या आडून, एक हसू फुटलं.

"ती नाही बोलणार," हसणारी म्हणाली. "तिच्या साडीत लोखंडी स्टँड आहे. चष्मा पुसा आधी."

शिवमनं वाफ धरलेला चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. शर्टही ओलाच, त्यानं काय पुसलं जाणार कपाळ! तरी परत डोळ्यांवर चढवून पाहिलं, तर समोर नमुन्यासाठी साडी नेसवून उभी केलेली महालक्ष्मी. आणि मागे वळून पाहिलं तर… गालावर पांढऱ्या रंगाचा फराटा, केसांत खोचलेला ब्रश, आणि हसू दाबता दाबता लाल झालेली एक मुलगी.

"तुम्ही काय करता?" तिनं विचारलं.

"चष्म्याचं दुकान आहे माझं… अकोल्याले."

झालं! मग तिनं हसू दाबलंच नाही.

ही वर्षाली. अमरावतीत मुखवटे म्हटलं की लोक तिच्या काकांचं, पंजाबरावांचं नाव घेतात. काकांचा कारखाना मोठा. प्लास्टरचे साचे, रंगाची फवारणी, आणि डोळे पत्र्याच्या कापलेल्या छापातून. तासाला चाळीस चेहरे, आणि चाळीसही जणींची नजर एकच. चित्रकलेचा डिप्लोमा करून वर्षाली तिथं दोन वर्षं छाप मारत बसली होती. मग एके दिवशी मुखवटे बांधायच्या रद्दीत तिला ती कादंबरी सापडली.

जाडजूड होती. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, त्यामुळं पुस्तकाचं नाव काय आणि लिहिलं कुणी, राम जाणे. गोष्ट एका शिल्पकाराची. डोंगरावरच्या दगडाच्या खाणीत एकटाच राहतो. राजा येतो, शेठ येतो, गावचे पंच येतात, सगळे म्हणतात मूर्तीचं नाक जरा बारीक कर. हा म्हणतो, नाही. उपाशी राहीन, पण दुसऱ्याच्या मनासारखी छिन्नी चालवणार नाही. वर्षाली प्लास्टरच्या पोत्यावर बसून वाचत राहिली. काका दोनदा ओरडले, तिला ऐकूही आलं नाही. आठवड्याभरात तिनं छाप खाली ठेवला आणि बुधवाऱ्यात ही खोली घेतली.

काका काही वाईट माणूस नव्हे. ते एवढंच म्हणाले, "एक भाद्रपद देतो तुले. एका भाद्रपदात गिऱ्हाईक उभं झालं तं तुही तू. नाही तं गुपचूप येऊन छापावर बसजो." तीही हट्टानं 'हो' म्हणून बसली. जुनं मातीचं काम कारखान्यात आता कुणाला नको असायचं, ते काकांनीच तिच्याकडे पाठवलं. "घे, तुह्या कलेले!" त्यात अकोल्याच्या माणिकबाईंची ही जोडी आली. या बाईंचा शब्द अकोल्यातल्या पंचवीस-तीस घरांत चालतो, हेही काकांनी जाता जाता सांगून ठेवलं होतं.

"दाखवता का?" शिवम म्हणाला. "ताई म्हणू का मॅडम?"

"नाव आहे मला. वर्षाली."

तिनं दोन्ही मुखवट्यांवरचं फडकं काढलं, आणि शिवमचा हात तसाच हवेत राहिला. त्याच्या आजेसासूपासून… छे, त्याच्या नव्हे, आईच्या आजेसासूपासूनचे हे मुखवटे. दरवर्षी रंगून यायचे, आणि दरवर्षी दोघीही खाली मान घातल्यासारख्या ताटाकडे बघायच्या. आज कनिष्ठा तिरकं पाहून गालात हसत होती. आणि ज्येष्ठा… ज्येष्ठा थेट त्याच्याकडेच पाहत होती. डावा डोळा आणि वरची भिवई अगदी केसभर वर. आता काही तरी विचारेल, असा तो चेहरा होता.

"या… आमच्या आहेत?"

"तुमच्याच. आवडल्या नाहीत?"

"आवडल्या," तो पटकन म्हणाला. मग घाबरून म्हणाला, "पण मले आवडून काय होते? आई काय म्हणंल? तिच्या महालक्ष्म्या खाली पाहत होत्या."

"आता वर पाहतात. मी बदलणार नाही." वर्षालीनं भिंतीकडे बोट केलं. तिथं तिनं ब्रशनं मोठ्या अक्षरांत कादंबरीतलं वाक्य लिहून ठेवलं होतं : ज्याला माझ्या हातचं हवं, त्यानं माझ्या डोळ्यांनी पाहावं.

शिवमनं ते वाचलं. कोण म्हणालं म्हणून विचारलं. तिनं उत्साहानं शिल्पकाराची सगळी गोष्ट सांगितली. राजा, शेठ, पंच, नाक, सगळं. तो मन लावून ऐकत होता. पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता आणि दोघांनाही थोडं मोठ्यानं बोलावं लागत होतं, म्हणून थोडं जवळही उभं राहावं लागत होतं.

"एक विचारू?" शेवटी तो म्हणाला. "हा माणूस जेवतो कुठं?"

"म्हणजे?"

"म्हणजे दिवसभर दगड फोडते, तं भूक लागत असंल नं त्याले. डबा कोण आणते?"

वर्षालीनं आठवून पाहिलं. तीनशे पानं… आणि हा बाबा एकदाही जेवला नव्हता! हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिला त्या चष्मेवाल्याचा असा राग आला म्हणता, की तिनं हाताला येईल त्या कागदात मुखवटे गुंडाळले, खोक्यात भरले आणि खोकं त्याच्या हातात दिलं.

"आई काही बोलली तर?" दारात थांबून त्यानं विचारलं.

"मला फोन करा. मीच बोलते त्यांच्याशी."

"म्हणजे नंबर द्या नं."

तिनं नंबर दिला. तो गेल्यावर तिला दिसलं, की टेबलावरची कादंबरी एकदम बारीक झाली आहे. शेवटची सोळा पानं शिवणीतून सुटली होती. ती तिनं मुद्दाम वाचली नव्हती. हंगाम पार पडला की वाचायची, असं ठरवून बाजूला ठेवली होती. आणि नेमकी तीच पानं ज्येष्ठा-कनिष्ठेला गुंडाळून अकोल्याला निघाली होती. दोन वर्षं कारखान्यात काढली, पॅकिंगमध्ये कधी चूक झाली नव्हती. आजच काय झालं, तिला काही कळेना.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"आईनं पायलं."

"काय म्हणाल्या?"

"ते फोनवर सांगायसारखं नाही. तुम्हीच म्हणल्या होत्या, मीच बोलते. तं या."

"आणि… मुखवट्यांवर काही पानं होती छापील?"

"हाव, हाव! वाचून राहिलो मी."

"वाचू नका!"

"काहून?"

"मी अजून वाचली नाहीत."

 मग शिवमच्या आवाजात सणासारखा आनंद आला. "अरे बाप्पा! म्हणजे तुमच्या शिल्पकाराचं पुढं काय झालं हे मले माहीत आहे, अन् तुम्हाले नाही? सांगू?"

"नको! एक अक्षर नको."

"मंग या न्यायले," तो म्हणाला आणि लबाडानं फोन ठेवूनही दिला.

सकाळच्या एसटीनं ती निघाली. खिडकीबाहेर सोयाबीन, कपाशी, मधूनच तुरीच्या ओळी. आपण पानं आणायला चाललो आहोत, फक्त पानं, असं ती स्वतःला बजावत होती. पानं कुरियरनंही आली असती, हे तिला मूर्तिजापूर सुटल्यावर सुचलं. शिल्पकार कुणाकडे असा बसनं गेला असता का? मुळीच नाही. मग आपण का चाललोय? आणि चाललोय ते चाललोय, पण निघताना आरशात तीनदा का पाहिलं? विचार करून करून डोकं दुखायला लागलं, तेव्हा अकोल्याचा स्टँड आला.

दुकान टिळक रोडला, आणि दुकानाच्या वरतीच घर. माणिकबाई जिना उतरून खाली आल्या. ठेंगण्या, चपळ, हातांना पिठाचा वास. महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या होत्या, आणि अशा दिवसांत वऱ्हाडातल्या बाईला श्वास घ्यायलाही फुरसत नसते.

"तूच का वं ते?" त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हात गोड आहे तुहा. असा रंग आजवर कोनं देल्ला नाही. पण ज्येष्ठेचा डावा डोळा वर गेला. मी दोरा लावून मापला. केसभर वर. कनिष्ठेचाही तसाच. दोघीईचाही डावाच! असं कसं वं?"

"मी तसाच काढलाय, काकू. मुद्दाम."

"मुद्दाम कोणी देवीचा डोळा वाकडा काढते?" त्या मुलाकडे वळल्या. "शिवम, पोरीची नजर तपास. चष्मा दे तिले. मंग हे डोळे सरळ करून आणू दे."

"मी बदलणार नाही—"

"आंधी तपासून तं घे. मंग भांड माह्यासंग." आणि त्या पुरणाच्या डाळीकडे निघून गेल्यासुद्धा.

आतल्या अंधाऱ्या खोलीत शिवमनं तिच्या नाकावर ती जड, गोल, तपासायची चौकट ठेवली. काच बदलताना त्याची बोटं तिच्या कानाशी यायची आणि लगेच मागे जायची. त्याच्या हाताला स्पिरिटचा वास होता. 

"हे चांगलं दिसते… का हे?"

"दोन्ही सारखंच."

"नीट पाहा नं."

"पाहतेच आहे."

"माझ्याकडं नाही. तक्त्याकडं."

ती गोरीमोरी झाली. तोही हसला. पण मग त्यानं डाव्या डोळ्याची काच फिरवली, आणखी फिरवली, आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. खालची ओळ तिला एकदम लख्ख दिसायला लागली होती.

"नंबर आहे," तो म्हणाला. "डाव्या डोळ्याले. तिरपा नंबर. लहानपणापासून असंल, म्हणून तुम्हाले जाणवला नाही."

"डाव्याच?"

"हाव… डाव्याच."

 बाहेर रस्त्यावर कुणी तरी ऑटोचा भोंगा वाजवत होतं.

"म्हणजे ज्येष्ठेचा तो डोळा मी काढलाच नाही," वर्षाली सावकाश म्हणाली. "माझ्या नंबरानं काढला."

शिवमनं नाही म्हणायला हवं होतं. निदान थोडा वेळ गप्प बसायला हवं होतं. पण माणूस सरळ, धंद्याशी इमानदार. तो म्हणाला, "असू शकते."

तिला रडू आलं नाही. त्यापेक्षा वाईट वाटलं. त्यानं तासाभरात चष्मा बसवून दिला. तिनं तो घेतला, खोकं घेतलं आणि चार वाजताची बस धरली. शेवटची पानं मागायची ती विसरूनच गेली.

मग दोन दिवस वर्षालीनं काय केलं? काही नाही केलं. खोकं उघडलं नाही, ब्रश धुतला नाही. भिंतीवरचं वाक्य दिसलं की ती तोंड फिरवायची. माझ्या डोळ्यांनी पाहावं, ठीक आहे, पण डोळेच असे असले तर? सगळं सोडून जी रेघ 'माझी माझी' म्हणून छातीशी धरली, ती साधी एक खोड निघाली, काचेनं बरी होणारी? कादंबरीतल्या शिल्पकाराला नंबर होता का? असेलही! जो जेवला नाही, त्यानं डोळे कुठले तपासलेत? तिला हसूही येईना आणि रागही धड येईना.

आणि त्या गोंधळात दुसरा गोंधळ. फोन वाजला की जीव वर यायचा, आणि त्याचा नसला की खाली जायचा. त्याचा असला, तर ती उचलायची नाही. आता याला काय म्हणावं?

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "काय वं, माणिकबाई सांगत होत्या ते खरं का? डोळे वाकडे निघाले म्हणे. ये परत, बाई. छापाले नंबर लागत नाही." आवाजात टोमणा नव्हता, माया होती. त्यामुळंच जास्त लागलं. 'येते' म्हणून तिनं चप्पल पायात घातलीही. पण माणिकबाईंचं काम अर्धवट ठेवून कसं जायचं? उद्या आवाहन. डोळे सरळ करून द्यावेत आणि मोकळं व्हावं.

तिनं खोकं उघडून ज्येष्ठा-कनिष्ठेला फळीवर ठेवलं आणि नवा चष्मा लावला. बाप रे! भिंतीवरचा पोपडासुद्धा कसा कोरल्यासारखा दिसत होता. देवीवर एकदम हात नको, म्हणून तिनं आधी एक तडकलेला प्लास्टरचा चेहरा घेतला, शून्य नंबरचा ब्रश भिजवला आणि डोळ्यांची आखणी केली. सरळ, अगदी सरळ. मग चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

डावा डोळा केसभर वर.

तिनं पुसून पुन्हा काढला. पुन्हा वर! मग चष्मा काढला, डावा डोळा तळहातानं झाकला आणि नुसत्या उजव्या डोळ्यानं पाहून कागदावर काढला. तरी वर.  हा नंबर नव्हता. हाताला ठाऊक होतं त्याला काय हवंय ते. आणि मग तिला आठवलं. मोर्शीच्या घरी ती शाळेतून तोंड पाडून आली, की आई चुलीपासून मान वळवायची. तेव्हा तिची डावी भिवई अशीच वर जायची, डोळा थोडासा मोठा व्हायचा, आणि ती म्हणायची, "काय झालं वं? आंधी जेव."

वर्षाली खूप हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. रेघ नंबराची नव्हती, पण मग आपली तरी होती का? का आईची? पुस्तकातला शिल्पकार तर सारखा म्हणायचा, माझ्यात कुणाचं काही नाही. आता हे कुठं बसवायचं? ते काही तिला उमगलं नाही. एवढंच पक्कं झालं, की ज्येष्ठेचा डोळा ती बदलणार नाही.

दार वाजलं. शिवम. आज पाऊस नव्हता, तरी तो घामानं भिजलेला होता. बहुतेक डेपोपासून पळत आला होता.

"डोळे बदलले का?" त्यानं दारातूनच विचारलं.

"का?"

"बदलू नका! मी चुकलो. लय मोठी चूक केली… दोन दिवस झाले, मले झोप नाही. ऐका. समजा टेलरची टेप चुकीची आहे, बोटभर जास्त दाखवते. पण त्यानं दोन्ही बाह्या त्याच टेपेनं मापल्या, तं बाह्या सारख्याच होतात का नाही?"

"होतात."

"तसंच हे! तुम्हाले वाकडं दिसत असंल, तं स्वतःचं चित्रही वाकडंच दिसंल. दुनिया ज्या डोळ्यानं पाहता, त्याच डोळ्यानं चित्रही पाहता. फिटंफाट! आमाले ते सरळच दिसायले पाहिजे होतं. नंबरानं कोणाची रेघ वाकडी होत नाही. हे मले त्याच दिवशी समजायले पाहिजे होतं, पण मी… मी तुमच्याकडंच पाहत होतो."

वर्षाली बाजूला झाली. टेबलावर तडकलेला चेहरा, शेजारी कागद, शेजारी चष्मा. शिवमनं एकेक उचलून पाहिलं.

"म्हणजे तुम्हाले आंधीच समजलं?"

"अर्ध्या तासापूर्वी."

"मंग मी उगाच पळालो."

"उगाच नाही," ती म्हणाली, आणि का म्हणाली हे तिलाच कळलं नाही.

तो खुर्चीवर बसला. पिशवीतून पानांची घडी काढून त्यानं तिच्यापुढं ठेवली. तिनं मोजली. पंधरा होती.

"एक पान कमी आहे."

शिवमनं मान खाली घातली. थेट जुन्या महालक्ष्मीसारखी. "ते आईनं करंज्या निथळायले घेतलं."

"काय?"

"फुलोऱ्याच्या करंज्या. मी मधात गेलो तवर पान तेलकट होऊन गेलं होतं. एक अक्षर वाचता येत नाही."

"म्हणजे शेवट तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही. राजा परत येते, रडते, म्हणते नाक राहू दे, पण मूर्ती दे. शिल्पकार हातोडा उचलते… अन् बस. त्या पुढं करंज्या."

"आणि मला फोनवर म्हणालात, सगळं माहीत आहे!"

"तुम्ही आल्या नसत्या नं मंग."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आता याच्यावर चिडावं का… तो मान वर करून म्हणाला, "वर्षाली, मले तुह्या शिल्पकारासारखं बोलता येत नाही. मले माणसं लागतात. जेवायले, भांडायले, सगळ्याले. अन् आता तू लागतेस. तुही रेघ बदल असं मी कधी म्हणणार नाही. पण डबा मी आणत जाईन."

 ज्येष्ठा फळीवरून पाहत होती, तिचीही भिवई वर. वर्षालीच्या मनात सतरा गोष्टी एकदम आल्या. कुणाची गरज पडणं म्हणजे हरणं असतं ना? पुस्तकात तरी तसंच होतं. मग हे हरल्यासारखं का वाटत नव्हतं? 

"मला काही कळून नाही राहिलं," शेवटी ती म्हणाली. पहिल्यांदाच ती त्याच्याशी अशी घरच्यासारखी बोलली.

"मलेही नाही," तो म्हणाला. "पण उद्या आवाहन आहे. आईले सांगायले तू चल. डोळे तुहे, भांडणही तुहंच."

दुसऱ्या दिवशी शिवम पहाटेच तिला न्यायला आला, आणि परतीच्या बसमध्ये ज्येष्ठा त्याच्या मांडीवर आणि कनिष्ठा वर्षालीच्या.  मूर्तिजापूरला त्यानं चहा आणला, तिचा कप पुढं धरला, आणि कप घेताना तिनं बोटं लगेच मागं घेतली नाहीत. बस्स, एवढंच.

माणिकबाईंच्या दारात फाटकापासून जिन्यापर्यंत रांगोळीची पावलं काढलेली होती. शेजारच्या भागीरथाबाई थाळी आणि चमचा घेऊन वाजवायला तयार उभ्या. बारीक झिमझिम सुरू झालेली. माणिकबाईंनी ज्येष्ठेवरचं फडकं उचललं.

"डोळा तसाच आहे."

"हो," वर्षाली म्हणाली.  या बाई आता मुखवटा परत हातात देतील, आणि उद्या आपण छापावर.

"चष्मा लावला होता?"

"लावला होता."

"तरी वर?"

"तरी वर. माझी आई विचारताना असंच पाहते, काकू. मला तसंच काढायचं होतं."

माणिकबाई ज्येष्ठेकडे पाहत राहिल्या. खूप वेळ. पहाटेपासून उद्याच्या सोळा भाज्यांची, आंबिलीची, फुलोऱ्याची तयारी करून त्यांचा चेहरा दमला होता.

"एकतीस वर्षं झाली मले ह्या घरात," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं ह्या दोघी ताटाकडंच पाहत. रांधा, वाढा, शेवटी जेवा, ह्याईनं कधी मान वर करून माह्याकडं पायलं नाही. आज ही मले विचारून राहिली."

"काय विचारून राहिली वं?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"माणिक, तू जेवली का?" आणि माणिकबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

 भागीरथाबाई पुढं झाल्या, चेहरा निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "पोरी, माह्याही महालक्ष्म्या मातीच्याच आहेत. पुढच्या वर्षी असेच डोळे काढून देशील का? माह्या जावेच्याही?"

वर्षालीनं मान हलवली. तिला काकांची आठवण आली. भाद्रपद अजून सरलाही नव्हता.

पण माणिकबाई अशा सहज हरणाऱ्या नव्हेत. त्यांनी नाक पुसलं, पदर खोचला आणि आवाज पूर्वपदावर आणला. "तिले नको विचारू, मले विचार. चार दिवसांपासून ह्या पोट्ट्यानं दोन गिऱ्हाइकाईच्या काचा उलट्या बसवल्या, मले काय समजत नाही? अन् पोरी, केसभर वर आहे तं आहेच, दोरा खोटं बोलत नाही. ह्या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी तू घरचीच असशील, तवा बसून सरळ करून घेईन मी."

"तेव्हाही नाही करणार!" वर्षाली ताडकन म्हणाली.

भागीरथाबाईंचा चमचा थाळीवर थांबला. शिवमनं चष्मा काढला, पुसायला म्हणून, आणि तसाच हातात धरून उभा राहिला. आपण काय बोलून बसलो ते वर्षालीला तेव्हा कुठं कळलं. कानापर्यंत तापलं तिला. शब्द परत घ्यावा, तर कोणता घ्यावा? 'नाही करणार' तर घ्यायचा नव्हता. आणि 'तेव्हाही'… तोही, खरं सांगायचं तर, घ्यायचा नव्हता.

माणिकबाई गालात हसल्या. अगदी तिच्या कनिष्ठेसारख्या.

"मंग तिथं भिजत काहून उभी आहेस?" त्या म्हणाल्या. "आत ये. पाय जपून टाकजो, रांगोळी ओली आहे."